विजेवरचा रगडा: मिरगापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

आंबोळीच्या तयार पिठाच्या पिशव्या घरात येणं बंद व्हावं, या एका हेतूने घेतलेला दोन लिटरचा टेबलटॉप वेट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या भांड्यात दगडांनी ओलं पीठ वाटणारं यंत्र. मिरगाला सुरू झाला, आता शिमगा आला; दर आठवड्याला एक घाणा. नऊ महिन्यांत सत्तर-पंचाहत्तर पिशव्या वाचल्या. गावात त्या पिशवीला वाट दोनच: परसात जाळायची, नाहीतर व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत. आतून पीठ चिकटलेली पिशवी भंगारवालाही घेत नाही.

हिशोब सरळ आहे. ६०० ग्रॅम तांदूळ (निम्मा उकडा, म्हणजे भात उकडून मग सडलेला), २०० ग्रॅम उडीद आणि एक चमचा मेथी एवढ्यात जवळपास दोन किलो पीठ होतं. म्हणजे उडदाच्या एक किलोच्या एका पाकिटात दहा किलो पीठ, आणि तांदूळ गिरणीवरून कापडी पिशवीत आणला तर त्याचं पाकीटही नाही. यंत्र १५० वॉटचं, पूर्ण घाण्याला ४० मिनिटं, वीज ०.१ युनिट.

आता वाटण्याबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. उडीद आधी आणि एकटाच वाटायचा. चार तास भिजवलेला, सालं काढलेला अख्खा उडीद घ्यावा. जुना उडीद फुगत नाही, मग यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. पाणी फ्रिजमधलं गार. यंत्र चालू करून मूठमूठ टाकायचा. एकदम ओतला की दगड वर उचलले जातात आणि डाळ खाली तशीच फिरत राहते. दर तीन-चार मिनिटांनी थोडं पाणी, एकूण साधारण ३५० मिली. २०-२५ मिनिटांनी पिठाचा एक थेंब वाटीभर पाण्यात सोडून पाहावा: तरंगला तर झालं, बुडाला तर अजून पाच मिनिटं. मिक्सरमध्ये हेच पीठ तापतं आणि त्यात हवा भरत नाही. आंबोळीला जाळी पडत नाही ती बहुतेक त्यामुळेच. तांदूळ नंतर, १५ मिनिटं, किंचित रवाळ ठेवून. उकड्याला सहा तास तरी भिजवण हवं, नाहीतर कणी राहते.

दोन्ही पिठं हाताने कालवून पाच लिटरच्या टोपात ठेवावीत, टोप अर्ध्याच्या वर भरू नये. पावसाळ्यात पीठ यायला, म्हणजे आंबून फुगायला, दहा-बारा तास लागतात, तेव्हा मीठ पीठ आल्यावर घालावं. ऑक्टोबरात आणि आता शिमग्याच्या उन्हात पाच-सहा तासांत टोप काठोकाठ येतो. अशा वेळी मीठ आधीच घातलं की आंबणं जरा आवरतं. रात्री नऊला ठेवलेलं पीठ सकाळी आंबटढाण होत असेल, तर चार तासांनीच फ्रिजमध्ये ढकलावं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस नीट टिकतं. आषाढ-श्रावणात वीज तासन् तास जाते, तेव्हा अर्धाच घाणा घातलेला बरा.

तक्रारी तीन. पहिली, पट्टा. सहाव्या महिन्यात सैल झाला; मोटर फिरते आणि भांडं जागच्या जागी थांबतं. खालचं झाकण उघडून मोटरचे स्क्रू ढिले करून मोटर मागे सरकवली की पट्टा पुन्हा ताणला जातो. दुसरी, गंज. खाऱ्या हवेत मधल्या दांड्याच्या कड्याशी तांबूस रेघ दिसू लागते. धुऊन झाल्यावर तिथे फडकं फिरवून खोबरेल तेलाचा एक थेंब लावला की पुढे वाढत नाही. तिसरी, वास. दगडांच्या मधल्या भोकात, प्लास्टिकच्या बुशाशी (भोकात बसवलेल्या नळीशी) पीठ अडकतं आणि दोन दिवसांत कुजतं. नुसतं पाणी घालून यंत्र फिरवल्याने ते निघत नाही. दगड दांड्यावरून काढून बुश ब्रशने घासावा आणि दगड आडवे न ठेवता उभे वाळवावेत. पावसात चुलीजवळ.

नारळाच्या दुधाचे खोकेही थांबवायचे असतील तर तो रस या यंत्रात काढू नये. खोबरं कडेला चढून बसतं, तेल दगडात मुरतं आणि पुढच्या पिठाला खवट वास लागतो. आडाळ्यावर (विळीवर) खवलेला एक नारळ, एक कप कोमट पाणी, मिक्सरमध्ये दोन मिनिटं, मग पंचातून पिळून जाड रस. चोथ्यात पुन्हा एक कप घालून पातळ रस. पाणी कडकडीत नको. बर्फाच्या साच्यात जाड रस गोठवता येतो, पण वितळल्यावर तेल वेगळं होऊन कण दिसतात. आमटीत ते खपून जातं, सोलकढीला मात्र ताजाच रस हवा. खोक्यात कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते घरी वेगळे करता येत नाहीत. उरलेला चोथा नुसता माडाच्या आळ्यात टाकला तरी चालतो.

नवीन यंत्र घेतल्यावर पहिले दोन घाणे भिजवलेल्या जुन्या तांदळाचे काढून फेकून द्यावेत, दगडाची कच निघते. बोटांवर चोळून पाहावं. करकर लागली तर तिसराही. पट्टा जास्तीचा एक आत्ताच, पावसाआधी, आणून ठेवावा. तालुक्याच्या दुकानात तो मागवून यायला आठवडा जातो, आणि तेवढ्यात पुन्हा पिशव्या सुरू होतात.