ब्लॅक डायमंड एक्सप्रेस, आठ महिन्यांनंतर: डावी खिडकी मिळाली तर चेअर कार कशाला?

सकाळी सहानंतर हावडा, अकराच्या आत धनबाद, दुपारी साडेचारच्या सुमाराला परत. 259 किलोमीटर, साडेचार-पाच तास, बसायची गाडी. ही माहिती सगळीकडे मिळते. जे कुठे मिळत नाही ते असं, की या गाडीत डबा कुठलाही घ्या, साधा सेकंड सीटिंगचा किंवा वातानुकूलित चेअर कारचा, पण बसायचं डाव्या बाजूला. डावी म्हणजे इंजिनाकडे तोंड करून डावी, जाताना आणि येतानासुद्धा.

सकाळची गाडी वायव्येला जाते, तेव्हा कोवळं ऊन उजव्या अंगाने येतं. दुपारची आग्नेयेला येते, तेव्हा पश्चिमेचं ऊन पुन्हा उजवीकडेच. एप्रिल-मेमध्ये धनबादहून निघाल्यावर कुमारधुबी, बराकर, आसनसोल, राणीगंज असं दीड तास उजवी बाजू नुसती भाजते. दुर्गापूरच्या आसपास सूर्य बुडतो आणि मग दोन्ही बाजू सारख्या. डिसेंबरात पाचलाच अंधारतं, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

दुसरं कारण कोळसा. आपल्या गाड्या डाव्या रुळाने धावतात, म्हणून समोरून येणारी गाडी बहुतेक वेळा उजव्या हाताने जाते. कोळशाची मालगाडी म्हणजे 58-59 उघड्या वाघिणी. अंडाल ते बराकर या पट्ट्यात अशा दोन-तीन तरी भेटतात. उन्हाळ्यात वाऱ्याने वरचा चुरा उडतो आणि उजव्या खिडक्यांतून थेट आत. काळी पूड दाण्यापेक्षा बारीक असते, हाताने झटकली की कापडात मुरते. झटकू नका, फुंकर मारा.

खिडकी बंद करायची तर काचेचं तावदान ओढा. झडपांचं पत्र्याचं दार नको, त्याच्या फटींतून चुरा येतोच. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकाच वेळी आत दाबायच्या आणि तावदान दोन्ही हातांनी सरळ खाली आणायचं. एकच खिट्टी दाबली तर ते तिरकं होऊन खाचेत अडकतं आणि मग कोणालाच हलत नाही. खिट्टी झिजलेली असेल तर उघडं तावदान धक्क्याने अचानक खाली येतं. तिथे वर्तमानपत्राची चौपदरी घडी खाचेत कोंबा आणि मुलांना खिडकीच्या कठड्यावर हात ठेवू देऊ नका.

आरक्षण करताना खिडकी मागता येते, बाजू मागता येत नाही. शिवाय डबा कुठल्या तोंडाने जोडलाय यावर बाजू बदलते, त्यामुळे मागच्या वेळचा नंबर पाठ करून उपयोग नाही. उजवीकडे आलात तर पलीकडच्याला विचारा. इथली माणसं सरकून बसतात.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना चेअर कारच सांगत होतो. आता मत बदललंय. नुसतं आरक्षण शुल्क पाहिलं तरी सेकंड सीटिंगला 15 रुपये आणि चेअर कारला 40. शिवाय जीएसटी फक्त चेअर कारला. मूळ भाड्यातला फरक तर त्याहून कितीतरी मोठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सेकंड सीटिंग पुरेपूर. मे महिन्यात वयस्कर माणूस बरोबर असेल तर मात्र खुशाल चेअर कार घ्या. कोलफिल्ड एक्सप्रेस याच मार्गावर धावते, पण ती सुपरफास्ट. म्हणून तिथे सेकंड सीटिंगला आणखी 15 आणि चेअर कारला 45 रुपये पडतात.

गाडी रखडते ती बहुधा सीतारामपूर-आसनसोलमध्ये. धनबादकडून येणारी ग्रँड कॉर्ड आणि झाझा-मधुपूरकडून येणारी मेन लाइन सीतारामपूरला एक होतात. दोन्हीकडच्या मेल-एक्सप्रेस त्याच रुळांवर, वर कोळसा आणि पोलाद. पुढे शक्तिगडनंतर लोकल गाड्यांची भर. म्हणून परतीच्या गाडीने रात्री नऊनंतर हावड्याला उतरून दहाच्या सुमाराची पुण्याची आझाद हिंद पकडायचा बेत करू नका. अर्धा तास उशीर झाला तरी जीव टांगणीला लागतो, त्यात हावडा स्टेशनच्या जुन्या इमारतीतून नव्या इमारतीपर्यंत सामान घेऊन चालत जायचं. नागपूर-मुंबईला जायचं असेल तर धनबादहून पहाटेची कोलफिल्ड घ्या. ती दुपारच्या आत पोचते आणि गीतांजलीला निवांत वेळ मिळतो.

खाण्याचा डबा न्या किंवा नेऊ नका, झालमुडी, म्हणजे बंगाली तिखट कुरमुरे, मात्र घ्याच. आपल्या भेळेसारखी गोड चटणी नसते. कच्चं मोहरीचं तेल, मिरची, ओल्या खोबऱ्याचा लांब काप. तेल झेपत नसेल तर मिसळायच्या आधी सांगा, नंतर काही करता येत नाही. बर्धमानला तिथली मिठाई, सीताभोग-मिहिदाना, मिळाला तर घरी न्यायला चांगला.

एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. मासिक पासाची मर्यादा 150 किलोमीटर आणि दुर्गापूर-हावडा 158. त्या आठ किलोमीटरपायी पोलादाच्या शहरातल्या माणसाला पास नाही, त्याच्या अलीकडच्या पानागडच्या माणसाला आहे.