रिफॅम्पिसिन पावडर: माल चांगला, बाटली बेकार

लॅबसाठी मागवलेली ही अँटिबायोटिक पावडर, पाण्यात नीट विरघळत नाही हे माहीतच होतं, डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये मात्र मस्त विरघळली, ग्लोव्हज सगळे केशरी झाले ते वेगळं 😅 १०० मायक्रोग्रॅम औषधाच्या प्लेटवर ई. कोलाय बॅक्टेरिया दाट पसरवले तर सकाळी मोजक्याच कॉलन्या, म्हणजे औषध खरं आहे, कारण साधारण दहा कोटीत एखादाच औषधाला न जुमानणारा म्यूटंट निघतो. त्या वाचलेल्या कॉलन्यांचा डीएनए सिक्वेन्सिंगला दिल्यावर आरपीओबी जीनमध्येच बदल सापडला, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या (आरएनए पॉलिमरेजच्या) जीनमध्ये, औषध चिकटतं त्याच एन्झाइमच्या. आता त्यांच्यावर टी४ फेज (बॅक्टेरियात वाढणारा व्हायरस) वाढवून बघतोय, तो बिचारा शेवटपर्यंत बॅक्टेरियाच्याच आरएनए पॉलिमरेजवर जगतो ना, टी७ फेजसारखं स्वतःचं नाही आणत. तक्रार एकच, उजेडात खराब होणारी वस्तू पारदर्शक बाटलीत कोण पाठवतं?? फॉइल गुंडाळून ठेवलीय. एक स्टार कापला.