उन्हाचा इशारा की आशाताईंची फेरी? समितीचे पैसे कुठे घालावेत

गावच्या आरोग्य समितीकडे वर्षाला फार तर 10,000 रुपयांचा अबंधित (गरजेप्रमाणे खर्च करता येणारा) निधी येतो. त्यातून उन्हाळ्याची तयारी काय करायची, हा विषय तुमच्याही बैठकीत आला असेल. आमच्याकडे दोन मतं होती. हवामान खात्याचा इशारा आला की मोबाईलवर संदेश टाकायचा आणि भोंग्यावरून सांगायचं, हे एक. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी, उन्हाचा त्रास होऊ शकेल अशांची यादी घेऊन वाडीवाडीत फिरायचं, हे दुसरं. आम्ही एकेक मोसम दोन्ही करून पाहिलं, त्यावरून लिहितो.

इशाऱ्याची बाजू कमकुवत नाही. मे 2010 च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या पालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेला सोबत घेऊन उष्णता कृती आराखडा केला. पारा किती चढला की दवाखान्यांनी काय करायचं आणि लोकांना काय सांगायचं, हे त्यात आधीच ठरलेलं. पुढे देशभरातल्या शहरांनी तोच नमुना उचलला. खर्च कमी, आणि एका वेळी सगळ्या गावाला निरोप पोचतो. वादळासाठी तर इशाऱ्याला पर्यायच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा किनाऱ्यावरची माणसं वेळेत हलवता आली ती इशाऱ्यामुळेच. (वादळानंतर मात्र कित्येक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही बरेच दिवस बंद होते, हेही ध्यानात असू द्या.)

माझं मन फिरलं ते एका गोष्टीमुळे. उष्णतेची लाट ठरवताना किनाऱ्यासाठी 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असा निकष आहे. मैदानी भागात तोच 40 अंशांचा. आपल्याकडे कोकणात पारा 37 च्या वर जातो तो बहुतेक मतलई (जमिनीकडून येणारा वारा) जोर धरते आणि समुद्रावरचे खारे वारे उशिरा येतात तेव्हा. त्या दिवशी हवा कोरडी असते, ऊन भाजून काढतं, पण घाम तरी वाळतो. खाऱ्या वाऱ्याच्या दिवशी पारा 34-35 वर थांबतो आणि अंगावरचा घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की शरीर थंड कसं व्हायचं? तापमान 35 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर उष्णता निर्देशांक, म्हणजे अंगाला जाणवणारं तापमान, 45 च्या घरात जातो. उष्णतेच्या लाटेचा इशारा मात्र येत नाही.

शेजारचे तात्या अशाच दिवशी आंब्याच्या कलमांत पडले. आंबा उतरवायची घाई होती. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. दुपारी ते असंबद्ध बोलू लागले, अंग तापलेलं. ओली फडकी गुंडाळून, वारा घालत आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून वाचले. मी मोबाईल परत परत पाहत होतो. इशारा नव्हताच. तो आला पुढच्या आठवड्यात, मतलईच्या दिवशी, आणि तोवर निम्मी कलमं उतरवून झाली होती. एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. पण 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उघड्यावर बसलेल्यांपैकी 14 जण गेले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

आशाताई आकडा बघत नाहीत, माणूस बघतात. कोण एकटं राहतं, कोणाच्या गोळ्या कोणत्या, कोण दुपारी खळ्यात मासळी सुकवतं, हे त्यांना ठाऊक असतं. तात्यांना त्यांनी डॉक्टरांकडे पाठवून गोळ्यांची वेळ आणि मात्रा नीट करून आणली. असं भोंग्याने झालं नसतं. आणि तीच यादी जूनमध्ये पुन्हा कामाला येते. चिखलणीला उतरणाऱ्यांना लेप्टोचं (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं) सांगायचं, पायाला जखम कोणाला आहे ते बघायचं, डॉक्टरांनी ठरवलेली डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी कोणी घेतली ते विचारायचं. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिखलात उभं राहून साफसफाई करणारी माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

फेरीत उणीव आहेच. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर, मानधन तुटपुंजं, आणि वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. भर उन्हात त्यांनाच फिरवलं तर आजारी त्याच पडतील. म्हणून आम्ही फेरी सकाळी नऊच्या आत ठेवली आणि निधीतून रिक्षाचं भाडं दिलं. पैसे बहुतेक त्यातच संपतात.

पनवेल किंवा रत्नागिरी शहरात राहत असाल, शेजाऱ्याचं नावही माहीत नसेल, तर इशाऱ्याची व्यवस्था आधी उभी करा, असंच मी म्हणेन. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात मात्र माझा कल फेरीकडे आहे. आम्ही भोंगा वादळापुरता ठेवला. यंदाच्या यादीत 43 नावं आहेत, आणि तात्यांच्या नावापुढे त्यांच्या सुनेचा नंबर लिहिला आहे.