ए.ए.च्या सभा: आठ महिन्यांनंतर

दारू सोडण्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, सभांना जावं का, असं विचारलं की एक तर भक्ती ऐकायला मिळते, नाहीतर टिंगल. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या तीन ग्रुपमध्ये आठ महिने बसल्यावर जे कामाचं वाटलं, तेवढंच लिहितो.

आधी एक इशारा. सभा म्हणजे उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. आकडी बहुधा पहिल्या 48 तासांत येते. भास आणि भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि ते जिवावर बेतू शकतं. सकाळी चहाआधी घोट लागत असेल तर आधी डॉक्टर, मग सभा.

पत्ता शोधायला ए.ए.च्या वेबसाइटवर शहरांप्रमाणे माहिती मिळते. 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. पण यादी बघून थेट निघू नका. बरेच ग्रुप पालिकेच्या शाळेत किंवा चर्चच्या खोलीत भरतात. मे महिना, दिवाळी, निवडणुका आल्या की शाळेला कुलूप, ग्रुप तात्पुरता दुसरीकडे, आणि यादीत पत्ता जुनाच. आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: आज सभा नक्की आहे ना, बोलणं मराठीत होतं की हिंदी-इंग्रजीत, आणि सभा खुली आहे की बंद. खुल्या सभेला घरचं माणूसही चालतं. बंद सभा फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्याच्यासाठी. बोर्ड गेटवर नसतोच बऱ्याचदा. वॉचमनला ‘मीटिंग कुठे?’ एवढंच विचारायचं, त्याला कळतं.

ग्रुप निवडताना घराजवळचा बघू नका, वाटेवरचा बघा. संध्याकाळी सात-साडेसातची सभा म्हणजे नेमकी बसायची वेळ. ऑफिस ते घर या रस्त्यात नेहमीच्या बारच्या अलीकडे ग्रुप असेल तर उत्तम. घरी जाऊन, कपडे बदलून परत निघू म्हटलं की दहातले आठ दिवस निघणं होत नाही. ओळखीचं कोणी भेटेल या धास्तीने काही जण मुद्दाम चार स्टेशनं लांबचा ग्रुप धरतात आणि महिन्याभरात प्रवासाला कंटाळून सुटतात. भेटलाच कोणी, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

आत काय असतं? चौथीच्या पोरांसाठी केलेले बाक, त्यात गुडघे अडकवून बसलेली पंधरा-वीस मोठी माणसं, फळ्यावर दुपारचं न पुसलेलं गणित. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, आणि हा नियम पाळणारा ग्रुपच चांगला. बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, आग्रह होत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, दहा-वीस रुपये टाकायचे, पहिल्यांदा नाही टाकले तरी कोणी बघत नाही. बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेतच नाही.

देवाचं नाव बरंच येतं. नास्तिकाला पहिले चार दिवस जड जातं. ‘आपल्याला उमगेल तसा’ अशी सूट ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या त्यांच्या कार्यक्रमात, आहे, ती बिनदिक्कत वापरावी. एका सभेवरून मत बनवू नका. निदान सहा सभा, दोन वेगळ्या ग्रुपमध्ये.

खरा माल सभेनंतरच्या पंधरा मिनिटांत असतो, आणि नवा माणूस नेमका तेव्हाच चप्पल घालून सटकतो. बाहेर चहाच्या टपरीवर नंबर मिळतात. तीन तरी घ्या, आणि तलफ नसताना एकदा लावून बघा. तलफ आल्यावर अनोळखी नंबर लावायला हात धजत नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काही जाणवलं तरी फोन. गटारीला आणि 31 डिसेंबरला सकाळीच फोन, संध्याकाळी सभा.

स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, घाईत धरू नये. वर्षभर तरी कोरडा असलेला, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, उधारी मागणारा नको, देणाराही नको. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तर मुळीच नको. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं ए.ए.चं साहित्यच सांगतं.

तक्रारीही आहेत. बायकांची संख्या फार कमी; खोलीत एकटीच असेल तर ती दुसऱ्यांदा येत नाही, तिच्यासाठी महिलांच्या ऑनलाइन सभा बऱ्या. जुने सभासद तेच किस्से लांबवतात. आणि व्हॉट्सॲप ग्रुप. नाव गुप्त म्हणायचं आणि नंबर, डीपी सगळ्यांना उघडा. डीपीवर मुलांचा फोटो असेल तर आधी काढा, लास्ट सीन बंद करा, मगच सामील व्हा.

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या सभा. नवरा सभेला येत नसला तरी बायकोने जायला हरकत नाही. त्याची परवानगी लागत नाही. घसरलात तर दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत जा, फक्त पिऊन असाल तर त्या दिवशी बोलू नका, मागच्या बाकावर बसून ऐका.