स्मार्ट की, चौदा महिने आणि साडेअकरा हजारांचं एस्टिमेट

संकष्टीची रात्र, इंदूरच्या खजराना गणपतीचं पार्किंग, आईचा दिवसभराचा उपास आणि चंद्रोदय व्हायला आलेला. रिमोटचं बटण दाबल्यावर गाडीचे दरवाजे लगेच उघडले, पण स्टार्ट बटण दाबलं की स्क्रीनवर तेच: चावी सापडत नाही. चावी माझ्या मांडीवरच्या पर्समध्येच होती!

शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून निभावलं. चावी बाहेर काढायची, स्टार्ट बटणाला टेकवायची आणि ब्रेक दाबून चालू करायचं. इतक्या जवळून चावीतल्या चिपला गाडीकडूनच वीज मिळते, सेल मेलेला असला तरी चालतं. गाडीच्या या चौदा महिन्यांत मायलेज, एसी, गिअर यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही एक गोष्ट डिलिव्हरीच्या दिवशी कोणी सांगू नये, याचा मला अजून राग आहे.

सर्व्हिस सेंटरने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी निकाल दिला, "मॅडम, चाबी ही बदलनी पड़ेगी." प्रोग्रॅमिंग धरून साडेअकरा हजार. सेल मोजला का विचारलं, तर उत्तर नाही.

मी तशीच महाराणी रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने चावीतलं लोखंडी पातं ओढून काढलं, त्या फटीत नख घालून झाकण उघडलं आणि सेलला मीटर लावला. 2.7 व्होल्ट. नवा सीआर2032 सेल 3.2 दाखवत होता. बोटांचा घाम लागू नये म्हणून त्याने तो रुमालात धरून बसवला. साठ रुपये. गाडी एका दमात सुरू झाली.

इथपर्यंतचं मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, दोष सेलचा म्हणून. ते मत आता बदलते. तीन आठवड्यांनी सराफ्याहून निघताना पुन्हा तेच झालं, सेल नवा असताना.

मग रविवारी सुदामानगरला घरासमोर गाडी लावून एकेक करून पाहिलं. पर्समध्ये नुसती चावी: दहापैकी दहा वेळा सुरू. चावी आणि मोबाइल: दहापैकी दहा. चावी आणि पाठीला चुंबकाची पॉवरबँक चिकटवून चार्ज होणारा मोबाइल: दहापैकी सात वेळा नापास. चावी वीतभर लांब दुसऱ्या कप्प्यात ठेवली की परत सगळं ठीक.

कारण समजल्यावर सगळं जुळलं. रिमोटचं बटण दाबतो तेव्हा चावी स्वतः बोलते, म्हणून दरवाजे उघडतात. स्टार्टच्या वेळी मात्र आधी तिला गाडीची हाक ऐकू यावी लागते, आणि ती हाक साधारण 125 किलोहर्ट्झवर असते. वायरलेस चार्जिंग साधारण 100 ते 200 किलोहर्ट्झमध्ये चालतं. त्या गोंगाटात हाक बुडते. शिवाय असल्या लहरींनी चावी सारखी जागी होत राहते आणि सेल लवकर उतरतो. वर्ष-दोन वर्षं टिकणारा आधीचा सेल पॉवरबँक घेतल्यापासून चारच महिन्यांत का उतरला, तेही मग कळलं.

आता चावी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असते, दोन महिन्यांत एकदाही अडलं नाही. एस्टिमेटचा कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला तो आणि पॉवरबँक दोन्ही नेणार आहे, आणि मॅनेजरसमोर हीच चाचणी करून दाखवणार आहे.