पद्मिनीची मागची बाजू दीड इंच खाली घेताना: कुर्ल्यातील एका कमान-कारखान्याचा अनुभव

वडिलांनी 1982 साली घेतलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीला मधल्या काळात टॅक्सीच्या जाड कमानी, म्हणजे पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगा, बसवल्या गेल्या होत्या. डिकीत सीएनजीची टाकी वागवणाऱ्या टॅक्सीला त्या ठीक असतात. घरगुती गाडी मात्र रिकाम्या डिकीमुळे मागून उचललेली राहते आणि तिचे सगळे रूप बिघडते. ही बाजू दीड इंच खाली घेण्याचे काम मी कुर्ल्यात, म्हणजे जिथे या गाड्या तयार होत असत त्याच भागातल्या एका लहान कारखान्यात करून घेतले.

याआधी दोन ठिकाणी ‘एक पाटा काढून टाका’ एवढाच सल्ला मिळाला होता. तो मला पटला नाही, कारण या गाडीत कमान केवळ वजन पेलत नाही, तर मागचा ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचे कामही तीच करते, आणि गणपतीला पाच माणसे व सामान घेऊन कोकणात जायचे असते. येथील कारागिराने फरशीवर खडूने वाकाची रेघ आखली आणि एकेक पाटा तिच्यावर ठेवून पाहत, न तापवता, घणाने वाक कमी केला; भट्टीत घातल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि कमान लवकर बसते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. दोन्ही बाजूंचे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर अगदी सारखे भरले. कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही नवे घातले.

एक चूक मात्र झाली. कमानीच्या टोकांशी असणाऱ्या रबरी बुशांचे (रबरी नळकांड्यांचे) बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळले. चाके जमिनीवर टेकताच बुश पिळले गेले, गाडी ठरल्यापेक्षा उंच राहिली आणि प्रत्येक गतिरोधकावर करकरू लागली. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच आवळायचे असतात. तक्रार करताच त्यांनी कुरकुर न करता, पैसे न घेता, ते सैल करून पुन्हा बसवले.

मागची बाजू उतरल्यावर दिव्यांचा झोत वर जातो, तो मला दुसरीकडे जुळवून घ्यावा लागला. हे काम त्यांनीच करायला हवे होते. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट तपासायला त्यांनी बोलावले होते. गेलो, तेव्हा डावीकडचा एक नट पाव फेरा आवळला गेला.