रेप्लिका, जुनी अस्सल की स्वतः बांधलेली? मुंबईत स्पोर्ट्स कार घेण्याआधी

वीस-पंचवीस लाख बाजूला काढलेत, स्पोर्ट्स कार घ्यायचीच असं ठरलंय आणि समोर तीन वाटा आहेत. पहिली, सेदान गाडीवर फायबरची बॉडी चढवून केलेली लॅम्बोर्गिनी किंवा फेरारी, म्हणजेच रेप्लिका. दुसरी, बरीच वर्षं वापरलेली पण अस्सल दोन सीटर: ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेडफोर, हात आणखी सैल सोडला तर पोर्शे बॉक्स्टर. तिसरी, स्वतः काहीतरी बांधायचं. मुंबईतल्या गाडीवेड्या मंडळींमध्ये यावर तावातावाने वाद होतो आणि बहुतेक वेळा तो ‘नकली गाडी मिरवायला लाज वाटत नाही का’ इथे येऊन अडकतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. माझं मत आधीच सांगतो: रस्त्यावर चालवायची असेल तर दुसरी वाट धरा, हाताने घडवायची हौस असेल तर तिसरी, आणि पहिलीच्या नादी लागू नका.

रेप्लिका या प्रकाराबद्दल माझ्या मनात अढी नाही. अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा तयार झाली. मूळ गाड्या जेमतेम हजारभर बनल्या. आज जगात दिसणाऱ्या बहुतेक कोब्रा नंतर बांधलेल्या आहेत, आणि त्यांचे मालक ते लपवत नाहीत. मॅसॅच्युसेट्सची फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही कंपनी १९९५ पासून या धंद्यात आहे. २००० मध्ये शेल्बीने तिला कोर्टात खेचलं. कंपनी आजही त्या आकाराची गाडी विकते, पण तिला एमके-४ रोडस्टर म्हणते. लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश दोन सीटरची गोष्ट वेगळी. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ती सुट्या भागांतही विकायला काढली, कारण ब्रिटनमध्ये तयार गाडीवर बसणारा खरेदीकर सुट्या भागांवर बसत नव्हता. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि ती अजून बनते. तिच्या सर्वांत छोट्या, ४४० किलोच्या मॉडेलमध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन असतं. हे वाचून मारुतीच्या देशातल्या कुणाच्याही डोक्यात चक्रं फिरायला लागतील.

फेरारी मात्र कुणाला सोडत नाही. फायबरची टेस्टारोसा आणि डेटोना स्पायडर बनवणाऱ्या एका अमेरिकन उत्पादकाविरुद्धचा खटला तिने १९९१ मध्ये अपील कोर्टात जिंकला. २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने फेरारीची २५० जीटीओ ही गाडी कलाकृती मानून तिच्या नकलेला मनाई केली. त्याच वर्षी ब्राझीलच्या इटाजाई शहरात बनावट फेरारी आणि लॅम्बोर्गिनी बनवणाऱ्या बापलेकांच्या वर्कशॉपवर पोलिसांनी धाड घातली. आपल्याकडेही ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०३ मध्ये खोटं चिन्ह लावल्याबद्दल सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. तेव्हा बॉनेटवर लॅम्बोर्गिनीचा बैल किंवा फेरारीचा घोडा चिकटवण्याआधी दहा वेळा विचार करा. एखाद्या आकारावर प्रेम असणं मी समजू शकतो. चिन्ह लावलं की मात्र ती फसवणूक होते, मग विकण्याचा हेतू असो वा नसो.

आता आपल्याकडच्या लॅम्बोर्गिनीकडे वळू. अशा गाड्यांसाठी होंडा सिव्हिक किंवा अकॉर्ड ही आवडती बेस गाडी. लॅम्बोर्गिनी अॅव्हेंटाडोरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,७०० मिलिमीटर आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या जुन्या सिव्हिकचाही २,७००. कागदावर हे जमून येतं आणि इथेच माणूस फसतो. अॅव्हेंटाडोरची उंची १,१३६ मिलिमीटर, सिव्हिक चौदाशेच्या वर. अॅव्हेंटाडोर २,०३० मिलिमीटर रुंद, सिव्हिक साडेसतराशेच्या आसपास. त्यात अॅव्हेंटाडोरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, म्हणून ड्रायव्हर पार पुढे सरकलेला असतो. सिव्हिकचं इंजिन पुढे. इंजिन आणि केबिनमधली भिंत (फायरवॉल), स्टिअरिंगचा दांडा, पेडल, सगळं जिथल्या तिथे राहतं. त्यामुळे काच उभी दिसते, नाक फुगतं आणि छप्पर खाली आणायचं तर मूळ छप्पर कापावं लागतं.

छप्पर कापणं म्हणजे गाडीचा कणा कापणं. सिव्हिकला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची चासी. मधले खांब छाटले, वर उघडणाऱ्या दारांसाठी मूळ दारं काढून टाकली की दारातली आडवी पोलादी पट्टीही गेली. बाजूने कुणी धडकलं तर ती पट्टीच आपल्याला वाचवत असते. रुंदी वाढवायला चाकांमागे जाड चकत्या (स्पेसर) घालतात, तो भार हबच्या बेअरिंगवर येतो. पुढच्या बंपरमागचा क्रॅश बीम बहुधा भंगारात गेलेला असतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं काय झालं ते कुणी धड सांगत नाही. एवढं करून हाती येतात सुमारे १३० अश्वशक्ती, समोरच्या चाकांना. अस्सल गाडीत ७०० होत्या. कोब्राच्या चांगल्या रेप्लिका याच्या अगदी उलट बनतात. तिथे त्या बॉडीसाठी म्हणून पाइपचा सांगाडा वेल्ड केलेला असतो आणि बॉडी त्यावर बसते.

कारागिरांना यात दोष देणं मला पटत नाही. मुंबईत फायबरचं काम करणारे हात फार चांगले आहेत. शूटिंगचे सेट, मंडळांचे देखावे यांची कामं त्यांनीच केलेली असतात. कॅमेऱ्यासमोर दोन दिवस उभी राहील अशी गाडी हवी असेल तर ते ती उत्तम देतील. फिल्मसिटीच्या आवारात तिचे कागद कोण विचारतो? समोर आणून दिलेली बेस गाडीच चुकीची असेल तर मोल्ड करणाऱ्याने काय करावं?

खरा अडसर आरसीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. रंग बदलून तशी नोंद करा, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवा, ते चालतं. गाडीची रचना बदलणं चालत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर काय होतं ते बघा. ट्रॅफिक हवालदार नंबर टाकतो, स्क्रीनवर होंडा सिव्हिक येते आणि त्याच्यासमोर उभी असते हिरवीगार लॅम्बोर्गिनी. तिथे वाद घालायला जागाच नाही. गाडी ठोकली गेली तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही हेच बघतो. न कळवलेला बदल आढळला की स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायला त्याच्या हाती आयतं कारण असतं.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे, ती पास झाली की गाडी रस्त्यावर. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत रेप्लिका विकायची मुभा दिली, नियम पक्के व्हायला मात्र आणखी काही वर्षं गेली. आपल्याकडे नवं मॉडेल म्हटलं की पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून प्रोटोटाइप मंजूर करून घ्यायचं, आणि ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. एका माणसाच्या एका गाडीला तिथे वाव नाही. सरकारने ब्रिटनसारखी सोय करावी असं मला मनापासून वाटतं, कारण इथे हुनर आहे आणि हौसही आहे. पण ती होईपर्यंत आहे त्या कायद्यातच निर्णय घ्यायचाय.

म्हणून दुसरी वाट. जुनी टीटी किंवा एसएलके टॉप मॉडेलच्या नव्या क्रेटाच्या पैशांच्या आसपास मिळू शकते. ती पोस्टरवरची गाडी नाही, हे मान्य. पण स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीट, सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं आणि ते पहिल्याच वळणावर कळतं. मुंबईत वेग असा मिळतोच कुठे? कोस्टल रोडवर मर्यादा ताशी ८० किलोमीटर, बोगद्यात ६०. अशा शहरात सातशे अश्वशक्तीपेक्षा हलकी, चपळ गाडी जास्त आनंद देते. रविवारी पहाटे वरळीहून मरीन ड्राइव्हला छप्पर उघडून जाण्यासाठी सेकंड-हँड झेडफोर पुरेशी आहे.

खर्च मात्र उघड्या डोळ्यांनी करा. सुरुवातीच्या पिढ्यांच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनच्या मधल्या शाफ्टचं आयएमएस बेअरिंग हा कुप्रसिद्ध भाग आहे, तो गेला तर इंजिन गेलं. तो बदलल्याचं बिल नसेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला. मुंबईकराने त्याहून जास्त लक्ष द्यायचं ते उघडणाऱ्या छपराकडे. छपराभोवतीचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या पानं आणि मातीने तुंबतात. पहिल्या बॉक्स्टरमध्ये हे पाणी केबिनमध्ये शिरून सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं, आणि मग गाडी उघडतही नाही, सुरूही होत नाही. गाडी बघायला जाताना बाटलीभर पाणी न्या, त्या भोकांत हळूहळू ओता आणि खाली जमिनीवर येतं का बघा. सीटखालचा गालिचा हाताने दाबा. दमट वास आला तर निघून या.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिली आहे. ती इथे आणायची तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. जुन्या गाडीला हा कर वयानुसार कमी होत जातो. शिवाय आयात गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नव्याने करायची फी २०२२ पासून ४० हजार रुपये झाली आहे. चौदा वर्षांची गाडी घेताना हा आकडा धरूनच चला. सोसायटीच्या तळघराचा उतारही मोजून घ्या, पुढच्या बंपरचा ओठ घासतो.

तिसरी वाट मला सर्वांत जवळची, पण ती सगळ्यांसाठी नाही. लोटस सेव्हनच्या धर्तीची, मारुतीच्या इंजिनवरची हलकी गाडी शेडमध्ये बांधता येते. तिला नंबरप्लेट मिळणार नाही, म्हणजे ती फक्त ट्रॅकची. मोठे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. मुंबईहून दर वेळी ट्रकवर चढवून न्यावी लागेल. भिवंडी किंवा वसईकडे जागा असेल तरच हा उद्योग मांडा, आणि फायबरचं काम जून ते सप्टेंबर बंद ठेवा. हवेतला दमटपणा काचेच्या मॅटमध्ये शिरला की रेझिन नीट सुकत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो, पांढुरके डाग उठतात. वर पुट्टी मारून रंग दिला की डोळ्यांना काही कळत नाही. वर्षभराने जाळ्यासारख्या भेगा पडतात.

बांधायची हौस आहे पण रस्त्यावरही फिरायचंय, तर कुर्ल्याच्याच प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट घ्या. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात व्हीए. रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅलीला आणि प्रदर्शनाला नेता येते. इंजिन खोलणं, पत्र्याचं काम, गाद्या, सगळं शिकायला मिळतं आणि आरसीतला एक शब्दही खोटा ठरत नाही. विकतानाही गिऱ्हाईक असतं. सिव्हिकवरच्या लॅम्बोर्गिनीला पुढचं गिऱ्हाईक मिळणं कठीण, कारण तोवर त्यालाही कलम ५२ कुणीतरी सांगितलेलं असतं.

एवढं वाचूनही एखादी रेप्लिका बघायला जाणार असाल तर बॉडीकडे शेवटी बघा. आधी चासी नंबर कुठे आहे ते विचारा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी ताडून पाहा. मग एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा मेक, मॉडेल आणि विमा तपासा. विम्यात बदलांची नोंद आहे का, ते पॉलिसी मागून स्वतः वाचा. यातल्या कशालाही उत्तर म्हणून ‘आरटीओत आपला माणूस आहे’ असं ऐकू आलं, तर टोकनचे पाच हजारसुद्धा देऊ नका.